बायकोचा पसारा हा आजार आहे का?

‘मॅडम, हिला उलटी ओसीडी आहे,’ खुर्चीत बसता बसताच नवऱ्याने निदान सांगून टाकलं. ओसीडी म्हणजे मंत्रचळ: तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा. त्यातली टापटिपीची ओढ त्याच्या डोक्यात होती, हिचं म्हणे त्याच्या उलटं.

कोल्हापुरात शाहूपुरीतलं जुनं बैठं घर, लग्नाला नऊ वर्षं. त्याची पुण्याला बदली होणार, सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवलेला. ती जायला तयार नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) ‘घरभर पसारा. सुट्टी मिळाली की राधानगरी-दाजीपूरच्या रानात. येताना तिथला पालापाचोळाही घरात आणती!’

पसारा करणारं माणूस आळशी की आजारी, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, बहुधा सासूबाईंच्या तोंडून. मी स्वतः चपलासुद्धा एका रेषेत काढणारी. पहिल्या भेटीत मन नवऱ्याकडे झुकलं होतं, हे कबूल.

तिला मोबाइलवर घराचे फोटो दाखवायला सांगितले. सोप्यात खुंटीला टॉवेलावर टॉवेल. खिडकीच्या कट्ट्यावर बेंदराचे मातीचे बैल, एकाचं शिंग मोडलेलं. शेजारी हिरडा, बेहडा, कसलंसं पीस आणि पालथं घातलेलं पुस्तक. पण ओटा मोकळा होता. पलंगावर झोपता येत होतं. रद्दी महिन्याला जात होती.

साठवणुकीचा आजार खरोखरच असतो. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याची ओसीडीहून वेगळी नोंद आहे. त्यात फाटकी पिशवी टाकतानाही जीव कासावीस होतो, खोल्या वापरता येईनाशा होतात. दुसरी शंका नैराश्याची: टापटीप राहणारं माणूस अलीकडे एकदम ढेपाळलंय का? झोप, भूक, आंघोळ? तिचं असं काहीच नव्हतं. ती लहानपणापासून अशीच.

‘दाजीपूरला गवा नाही दिसला तरी चालतंय मला,’ ती म्हणाली. ‘तिथं कुणी “आवर, आवर” म्हणत नाही.’

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बोलावलं. पसारा दिसला की नेमकं काय होतं, असं विचारलं. बराच वेळ तो घड्याळाचा पट्टा काढत-घालत बसला. मग २०१९ चा ऑगस्ट निघाला. पंचगंगेचं पाणी घरात छातीएवढं. ती तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी होती. पाणी उतरल्यावर सोप्यातला चिखल यानेच फावड्याने ओढला. त्यात आईच्या लग्नाचा अल्बम सापडला, त्याचा लगदा झालेला. २०२१ ला परत पाणी आलं.

‘जमिनीवर काय पडलेलं दिसलं की वाटतं, आधी उचल. पाणी यायच्या आत.’

सतरावा मजला कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. बायकोला यातलं काही त्याने सांगितलेलंच नव्हतं. पुरुषमाणसाने काय सांगायचं, म्हणे! तिसऱ्या भेटीत सांगितलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘मला वाटायचं, तुम्हाला माझीच लाज वाटती.’

ठरवलं ते अगदी साधं. आषाढ लागला की गुडघ्याच्या वरच सगळं ठेवायचं, दोघांनी मिळून. कट्टा मात्र तिचा, त्याला त्याने हात लावायचा नाही. बैल तिने आपणहून वरच्या फळीवर नेले.

पुण्याचं अजून ठरलेलं नाही. मागच्या आठवड्यात तो विचारत होता, दाजीपूरला बूट कसले लागतात म्हणून.