बंधुसंघात नवा आलास? आधी हे ऐक

बंधुसंघाचा, म्हणजे एकमेकांना आधार देणाऱ्या सभासदांच्या संघटनेचा, दीक्षाविधी झाला, पट्टा मिळाला, आता मिरवावंसं वाटणारच. मिरव. पण ऑड फेलोज या बंधुसंघाचं जुनं ब्रीद लक्षात ठेव: आजाऱ्याला भेटा, पीडिताला मदत करा, मृताला मूठमाती द्या, अनाथाला शिकवा. आजच्यासारखा विमा नव्हता, तेव्हा सभासदांच्या वर्गणीतूनच हे चालायचं. १८८२ मध्ये नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना निघाली तीही विधवा-अनाथांना आधार द्यायला. श्रायनर्स या आणखी एका बंधुसंघानं १९२२ मध्ये मुलांसाठी पहिलं रुग्णालय उघडलं.

म्हणून पहिल्या वर्षी पद मागू नकोस, आजाऱ्यांच्या भेटीचं काम माग. रिकाम्या हाताने गेलास तरी चालेल, घाईत जाऊ नकोस. (मी एकदा गेलो होतो, अजून सलतं.) मदत कुणाला दिली, हे घरीसुद्धा बोलायचं नाही. हिशेबाची वही मात्र बघायला माग, कुणी नाक मुरडलं तरी.