वाऱ्याचा आवाज, मोहोर आणि डोक्यातला 'च' : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी विचारलं होतं की दिवसभर डोक्यात जे आपलं आपल्याशीच बोलणं चालू असतं ते बदलावंसं वाटतं का, आणि वाटत असेल तर नेमकं अडतं कुठे. पत्रं एवढी आली की टेबलावर मावेनात, त्यातली चार घेतली आहेत. नावं काढून टाकली आहेत, गावंही जरा इकडची तिकडे केली आहेत. आपल्याकडे नाव नसलं तरी बोटीच्या रंगावरनं माणूस ओळखतात म्हणून.

प्रश्न : ताई, हे ट्रॉलरवर तांडेल आहेत, म्हणजे बोट चालवणारे, एकदा बाहेर पडले की आठ-दहा दिवस येत नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली, आधी काही वाटायचं नाही, पण २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हापासून रात्री दोनला जाग येते ती येतेच. माडांचा आवाज आला की पोटात गोळा. मोबाईलवर वाऱ्याचं अॅप उघडते, बंद करते, परत उघडते. विचार करायचा नाही असं ठरवलं की जास्तच येतात. आणि सासूबाई म्हणतात तिन्हीसांजेला असलं काही मनात आणू नको, वास्तू तथास्तु म्हणते. आता मला भीती वाटते की माझ्या विचारानेच काही वाईट होईल. काय करू? (हर्णैजवळून, वय ३४)

उत्तर : शेवटचं आधी घेते कारण मला वाटतं तेच तुम्हाला सगळ्यात जास्त पोखरतंय. वास्तू तथास्तु म्हणते हे माझी आत्याही म्हणायची, दिवेलागणीला आम्ही भांडायला लागलो की पडवीतनं ओरडायची. ते बोलण्याबद्दल होतं हो, पोरांनी संध्याकाळी एकमेकांना शिव्याशाप देऊ नयेत म्हणून. मनात आपोआप आलेल्या भीतीबद्दल नव्हतं. तुम्ही अंथरुणात पडून घाबरलात म्हणून समुद्रात वारा वाढत नाही. तसं असतं तर किनाऱ्यावरची एकही बोट परत आली नसती, कारण हर्णैपासून मालवणपर्यंत अशी एक बायको, आई नाही जिच्या मनात हे कधी आलं नाही. तुमचा विचार म्हणजे तुमच्या मायेला फुटलेली भीती आहे, त्यात पाप काही नाही. सासूबाईंनाही हे एकदा सांगून बघा, कदाचित त्यांचीही रात्र अशीच गेलेली असेल, त्यांनी कुणाला सांगितलं नसेल.

आता "विचार करायचा नाही ठरवलं की जास्त येतात" हे. हे तुमचं एकटीचं नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला, लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल विचार करा, तेव्हा आधी दाबून ठेवलेल्यांच्या डोक्यात अस्वल आणखीच जास्त आलं. का, तर एखादी गोष्ट येऊ नये म्हणून मनाला सारखं दारात उभं राहून बघावं लागतं की ती आली का, आणि बघायचं म्हणजे तिची आठवण ठेवणं आलंच. म्हणून ढकलणं सोडा.

त्याऐवजी काळजीला वेळ नेमून द्या. हे ऐकायला विचित्र वाटेल पण थॉमस बोर्कोवेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच काळजीने हैराण झालेल्या लोकांवर हे करून बघितलं होतं, रोज ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजी करायची आणि बाकी दिवसात आली की तिला त्या वेळेवर ढकलायचं. त्यांच्या अभ्यासात लोकांची काळजी कमी झाली. तुमच्यासाठी मी म्हणेन चारच्या चहानंतरचा अर्धा तास, तिन्हीसांजेच्या आधी, म्हणजे सासूबाईंनाही त्रास नको. मागच्या पडवीत बसा, जिथे तुम्ही एरवी बसत नाही अशी जागा घ्या, अंथरुणात तर अजिबात नको. पोरांची जुनी वही घ्या आणि जे काय येतंय ते लिहून काढा. बोट बुडाली तर, इंजिन बंद पडलं तर, सगळं. लिहिताना एकेक ओळीपुढे बघा की यावर आज मला काही करता येतं का. इंजिनचं यांनी जायच्या आधी बघितलं का, लाईफ जॅकेट बोटीवर आहेत का, वायरलेस चालू आहे का, हे विचारता येतं, पुढच्या फेरीच्या आधी विचारा. वारा किती सुटेल ते आपल्या हातात नाही, त्या ओळीला तशीच राहू दे.

रात्री दोनला जाग आली की स्वतःला एवढंच म्हणायचं, "हे उद्या चारला." पहिले काही दिवस मन ऐकणार नाही. उठून पाणी प्या, लाईट न लावता खिडकीशी उभ्या राहा, पण अॅप उघडू नका. अॅप उघडलं की दोन मिनिटं बरं वाटतं आणि त्या दोन मिनिटांच्या बऱ्या वाटण्यामुळेच मेंदू शिकतो की भीती वाटली की बघायचं, मग तो अजून भीती पाठवतो. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज, हे दिवसातनं दोनदा बघा, सकाळी आणि संध्याकाळी. रात्री दोनला बघून तुम्ही बोट वळवू शकत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे घरी असतात, तेव्हा झोप लागते का याकडे लक्ष द्या. तेव्हाही लागत नसेल तर मग हे नुसत्या सवयीचं काम नाही, डॉक्टरांकडे जायचं. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा फोन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : दोनशे हापूसची कलमं आहेत, वडिलोपार्जित. यंदा थंडी उशिरा, पहिला मोहोर थोडा गेला, आता दुसरा येतोय, तुडतुडा, मोहोराचा रस शोषणारा किडा, आहेच. फवारण्यांचा खर्च, सोसायटीचं कर्ज, राखणीला ठेवलेले नेपाळी गडी, सगळं डोक्यात फिरतं. जेवताना बायको बोलते ते ऐकू येत नाही. लोक म्हणतात पॉझिटिव्ह विचार करा. कसा करायचा? (देवगड तालुका, वय ५२)

उत्तर : भाऊ, करू नका. मोहोर काळा पडलाय आणि तुम्ही स्वतःला म्हणताय सगळं छान होणार, असं मनाला पटत नाही, आणि न पटणारी गोष्ट मनाला परत परत सांगितली की मन आपल्यावरचा विश्वासच सोडतं. पॉझिटिव्ह नको, खरा विचार करा. यात फरक आहे.

अल्बर्ट एलिस नावाचा एक मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये होता, त्याने १९५५ च्या सुमारास विचार तपासून बदलायची एक पद्धत काढली. म्हणणं सरळ होतं, घटना घडते, आपण मनात तिचा काहीतरी अर्थ लावतो, आणि त्रास होतो तो बराचसा त्या अर्थाने. आणि त्याला सगळ्यात जास्त त्रासदायक वाटायचा तो हट्टाचा अर्थ, असं झालंच पाहिजे, असं होताच कामा नये. मला नेहमी वाटतं की मराठीत तर हे पकडणं किती सोपं आहे! आपल्याकडे तो हट्ट एका अक्षरात मावतो. च. यंदा पीक आलंच पाहिजे. माझ्याच बागेत असं होतं. आता सगळं संपलंच. तुम्ही आठ दिवस एवढंच करा, डोक्यात जे वाक्य फिरतंय त्यातला च शोधा आणि तो काढून वाक्य परत म्हणून बघा. "यंदा पीक यायला हवं, माझी फार इच्छा आहे." इच्छा तशीच राहिली, उलट जास्त खरी झाली, फक्त मानेवरची सुरी निघाली. "माझ्या बागेत असं झालं", बरं, शेजाऱ्याच्या बागेत काय झालं? जाऊन बघा, बहुतेक तिथेही तुडतुडा असणार. प्रत्येक च वाईट नसतो, "कर्ज आहेच" यातला च खरा आहे, तो ठेवा आणि त्याचं काम करा. काम म्हणजे काय तर फळपीक विम्याची कागदं नीट आहेत का, सोसायटीत जाऊन हप्ता पुढे ढकलता येतो का किंवा कर्जाचं पुनर्गठन होतं का हे मार्चच्या घाईआधी विचारणं. आपल्याकडे माणूस बँकेत जायचं टाळतो आणि त्याच बँकेचा विचार महिनाभर घरी बसून करतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की मला त्याचं वाईट वाटतं. एक सकाळ तिथे जाऊन या, मग डोक्यातला अर्धा हिशेब कागदावर उतरेल.

आणि जेवताना. ताटातला पहिला घास घेताना बायकोच्या तोंडाकडे बघायचं. एवढंच. मोहोराचा विचार येईल, आला की परत बघायचं. तुमची आई म्हणत असेल ना, "कित्याक इतको इचार करतंस, आधी जेव," तेच म्हणतेय मी.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. विचार फिरता फिरता "मी नसतो तर बरं" या वळणावर येत असेल तर च शोधत बसू नका, त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि वर दिलेला १४४१६ नंबर लावा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाहेरून दाखवूनही औषध घेता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही.

प्रश्न : एकवीस दिवसात सवय लागते म्हणतात, मी बावीस दिवस सकाळी उठून शांत बसलो, अजून विचार थांबत नाहीत. माझ्यातच काही कमी आहे का? (निवृत्त शिक्षक, गुहागर)

उत्तर : सर, नाही. एकवीसचा आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या, मॅक्सवेल माल्ट्झच्या निरीक्षणातून पसरला. त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. लोकांनी "कमीत कमी" गाळलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या रोजच्या सवयी तपासल्या तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. आणि विचार थांबणं हे काही शांत बसण्याचं माप नाही. मन गेलं, तुमच्या लक्षात आलं, परत आणलं, हीच सगळी कसरत. दहा मिनिटांत चाळीस वेळा आणलंत तर चाळीस वेळा झाली ना.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत होतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, बाबांचं दुकान पूर्ण पाण्यात गेलं, मदतीला आलो आणि राहिलोच. दुकान आता बरं चाललंय. पण मित्रांचे फोटो बघतो, कुणी जर्मनी, कुणी फ्लॅट, आणि वाटतं मीच मागे राहिलो. रात्री एक-एक वाजेपर्यंत स्क्रोल करतो. दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, बाबा रंग लावू देत नाहीत, मला ती रोज बघून त्रास होतो. लावू का रंग?

उत्तर : तुला तू म्हणते, राग मानू नकोस. वरच्या देवगडच्या पत्राचं उत्तर वाचलंस तर तुझ्या वाक्यातला च तुलाच सापडेल, मीच मागे राहिलो. आता तो काढ आणि पुढे विचार, कशाच्या मागे? मित्राचा फ्लॅट तुला दिसतो, त्याचा वीस वर्षांचा हप्ता फोटोत येत नाही. त्याला तुझं दुकान दिसतं, चिखल उपसताना तुझे हात कसे झाले होते ते त्याला दिसत नाही. तुलना करू नको असं मी म्हणत नाही, ती होतेच, पण करायचीच तर पूर्ण कर, दोन्ही बाजूंनी, कागदावर. आणि एक खरा प्रश्न टाळू नकोस की तुला पुण्याला परत जायचंय का. कदाचित जायचं असेल. तसं असेल तर ते मित्रांच्या फोटोंमुळे नको ठरवू, सकाळी दहाला, दुकान उघडल्यावर, डोकं ताजं असताना ठरव, आणि बाबांशी बोल. रात्री एकला कुणाचंच आयुष्य चांगलं दिसत नाही.

मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात लाव, अंथरुणापासून लांब. नुसतं ठरवून होणार नाही, जागा बदलली की होतं. हात जिथे आपोआप जातो तिथे फोन नसला की हाताला आठवावं लागतं, आणि आठवण्याच्या त्या एका क्षणात तुला निवड करता येते.

रेघेचं. रंग लावू नकोस, बाबांना न विचारता तर नकोच. तुला ती रेघ म्हणजे "इथे माझं पुणं संपलं" असं दिसत असेल. त्यांना काय दिसतं ते तुला माहीत नाही, मलाही नाही. एखाद्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोघांना चहा घे आणि विचार, बाबा, ही ठेवलीय का तुम्ही? मग काय म्हणाले ते मला कळव.