एकाच कानाने कमी ऐकू येतंय?

प्रश्न : आईचं वय 61. दीड वर्षापासून डाव्या कानात सतत शिट्टी वाजते, फोनवरचं बोलणं त्या कानाने कळत नाही. वयामुळे असेल म्हणून आम्ही गप्प बसलो. आता एमआरआयमध्ये 11 मिलिमीटरची व्हेस्टिब्युलर श्वानोमा नावाची गाठ निघाली. कॅन्सर नाही म्हणतात, तरी नातेवाईक म्हणतात लगेच काढून टाका. काय करावं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : घाई करू नका. ही गाठ तोल सांभाळणाऱ्या नसेवरच्या आवरणातून वाढते. ऐकण्याची नस तिला अगदी खेटून असते, म्हणून कानाची तक्रार आधी सुरू होते. वयाचा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांना सारखाच येतो. एकाच कानाचं ऐकणं कमी झालं, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं असेल तर मळ काढून थांबू नये. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करावी आणि दोन कानांत फरक दिसला तर एमआरआय.

अशा गाठी सरासरी वर्षाला 1-2 मिलिमीटर वाढतात, कित्येक तर वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. त्यामुळे एवढ्या गाठीला बहुधा सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एमआरआय करून लक्ष ठेवतात. तुलनेसाठी नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी जपून ठेवा. एमआरआयमध्ये गाठ स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी) तपासतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

गाठ वाढली तर गॅमा नाइफसारखं रेडिएशन किंवा ऑपरेशन. रेडिएशनने गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबवायची असते. हे माहीत नसलं की पुढच्या स्कॅनला घरचे हादरतात. साधारण 3 सेंटिमीटरपेक्षा मोठी, मेंदूच्या देठावर दाब देणारी गाठ मात्र ऑपरेशननेच काढतात. चेहऱ्याची नस गाठीला चिकटलेली असते. तिला इजा झाली तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. म्हणून सर्जनना सरळ विचारा : अशा गाठी वर्षाला किती करता? ऑपरेशनमध्ये चेहऱ्याच्या नसेचं मॉनिटरिंग असतं का? गेलेलं ऐकणं परत येईल, अशी आशा मात्र कुठल्याच उपचाराकडून धरू नका.

सकाळी डोकं दुखून उलटी, अंधुक दिसणं, झोकांड्या जाणं, गुंगी यांतलं काहीही नव्याने दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मेंदूतलं पाणी तुंबत असू शकतं. त्याच दिवशी ससूनच्या किंवा जवळच्या न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. ऐकणं अचानक एक-दोन दिवसांत गेलं, तर स्टेरॉइड लवकर सुरू करावी लागतात, तेव्हाही थांबू नका.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी भरती होण्यापूर्वीच करा. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो; रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.