केअर यादी गेली, आता पेपर कुठे द्यायचा?

तुम्ही विचारलंय: गोव्यातल्या सरकारी कॉलेजात शिकवतो, यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद झाली, ओपन ॲक्सेससाठी, म्हणजे पेपर कुणालाही फुकट वाचता यावा म्हणून, जर्नल दीड लाख मागतंय, भरावेत का?

भरू नका. कुठे द्यायचा हे तर तुम्हालाच ठाऊक असणार: ज्या जर्नलमधले लेख तुम्ही स्वतः वाचता, तिथे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी गेली म्हणून सुतक कशाला? तिच्यातल्याच नावांच्या बनावट वेबसाइटी काढून लोकांनी उखळ पांढरं करून घेतलं होतं.

पेपर खुला करायला पैसे लागतातच असं नाही. परीक्षकांच्या सूचना घालून झाल्या, संपादकाने होकार दिला, पण प्रकाशकाने अजून साच्यात बसवला नाही, ती वर्ड फाइल जपा. वर्गणीवर चालणारी बहुतेक मोठी जर्नलं ती रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर जपून ठेवणाऱ्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात. स्प्रिंगर हा प्रकाशक १२ महिन्यांनी. ओपन पॉलिसी फाइंडरवर, म्हणजे जुन्या शेर्पा रोमिओवर, जर्नलचं नाव घाला आणि 'ॲक्सेप्टेड व्हर्जन'खाली, म्हणजे याच फाइलीसाठी, किती महिने थांबायचं ते बघा. दोनापावलाच्या एनआयओची (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि ताळगावच्या गोवा विद्यापीठाची स्वतःची रिपॉझिटरी आहे. कॉलेजवाल्यांना झेनोडो ही सगळ्यांसाठीची रिपॉझिटरी फुकट. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, मिळतो, आणि फाइल अमुक तारखेनंतरच उघडेल असंही लावता येतं.

घोळ होतो तो फाइलीत. आमच्याकडे एकाचा खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या, क्षारतेवर पेपर आला. मानशीजवळच्या (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं बांधातलं दार) नोंदी तिथल्या शेतकरी कुळांच्या संघाला हव्या होत्या, आणि लेख कुलपात. (वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी वर्गणी योजनेमुळे कॉलेजात उघडतो, शेतकऱ्याच्या फोनवर नाही.) प्रकाशकाची पीडीएफ वाटायची नाही असं करारात, आणि वर्ड फाइल लॅपटॉप फॉरमॅट केला तेव्हाच गेलेली. शेवटी सापडली ती जर्नलच्या सबमिशन खात्यात. शेवटची सुधारित आवृत्ती तिथे बऱ्याचदा तशीच पडून असते. नोंदींचा तक्ता वेगळा झेनोडोवर गेला, सीसी बाय लायसन्सने, म्हणजे नाव देऊन कुणीही वापरा अशा परवान्याने, कारण करारात लेख दिला होता, कच्च्या नोंदी नव्हत्या. पण रकान्यावर नुसतं 'क्षारता'. एकक कोणतं, पीपीटी की पीएसयू? भरतीची नोंद की ओहोटीची? मानशीचं दार उघडं होतं की बंद? हे सगळं जुन्या वह्यांतून शोधून भरावं लागलं.

आणि पेपर किंवा नोंदी अशा खुल्या करण्याला बढतीत गुण? शून्य. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा) १ च्या खाली असेल तर १० जादा गुण, १ ते २ ला १५. म्हणजे ०.९ आणि १.१ यांत पाच गुणांची दरी! हा आकडा जर्नलची सरासरी सांगतो, तुमच्या पेपरबद्दल अक्षर नाही. संशोधनाच्या मूल्यमापनावरचा डोराचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा हेच तर म्हणतो, आणि तो २०१२ मध्ये आखलेला. तरी समितीतले ज्येष्ठ म्हणणारच, 'फुकटच्याला दर्जा नसतो.' सर, इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं लेखकाकडून पैसे न घेता चालत आलीत, आणि तुमच्याच बायोडाटात त्यांची नावं सगळ्यांत वर असतात.

हो, एक राहिलं. परदेशी निधी असेल आणि पेपर लगेच खुला करायची अट असेल, तर शुल्क प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच मागा. खिशाला हात नको. आणि त्याच नियमावलीत लेखक दोन असतील तर प्रत्येकी ७० टक्के गुण, तिसरा आला की मुख्य लेखकाला ७०, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. नावांचा क्रम पेपर पाठवण्याआधी ठरवा.