मतदान, मतदार आणि राखून ठेवलेलं मत

एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्तापत्राचं काम पाहणाऱ्या वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांनी निवडणुकीच्या अंकात ‘मतदान हे प्रत्येक नागरिकाचं पवित्र कर्तव्य आहे’ असं वाक्य टाकलं, आणि एका सभासदाने दोन हरकती घेतल्या. पहिली अशी की दान ऐच्छिक असतं, तेव्हा मतदानाला कर्तव्य म्हणणं भाषेच्याच दृष्टीने चूक. दुसरी अशी की ज्याला उमेदवार कोण हेही ठाऊक नाही, अशा ‘अडाणी’ माणसाने घरी बसणं हेच त्याचं कर्तव्य. बाई विचारतात, शब्दांच्या अंगाने यात खरं किती? माहिती नाही म्हणून मत न देणाऱ्याला तटस्थ म्हणायचं की गैरहजर? आणि जाता जाता, ‘मतदान दिलं’ हे चालेल का?

आधी ‘दान’. सभासदांच्या डोक्यात दान म्हणजे दक्षिणा, अन्नदान, गोदान हे आहे आणि त्याला कारणही आहे. उमेदवार दारोदार हिंडून ‘मतांचा जोगवा’ मागतात, असं आपली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं लिहीत आली आहेत. मागणारा जोगवा मागत असेल तर देणारा दाताच ठरणार. पण समासात आलेलं दान दर वेळी धर्मादाय नसतं. ‘दा’ म्हणजे देणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. अनुदान, योगदान, आदानप्रदान यांत पुण्य कमावण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच ‘दा’पासून ‘करद’ झाला आहे. करद संस्थान म्हणजे वरिष्ठ सत्तेला खंडणी भरणारं संस्थान. ती खंडणी कुणी खुशीने भरत नसे. तेव्हा ‘दा’ आला की ऐच्छिकपणा आलाच, हे गृहीत टिकत नाही.

तरीही धार्मिक अर्थच धरून बसायचं असेल, तर मग गीतेतला श्लोक पुरता वाचावा. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची व्याख्या आहे: ‘दातव्यमिति यद्दानं दीयतेऽनुपकारिणे। देशे काले च पात्रे च तद्दानं सात्त्विकं स्मृतम्॥’ पहिलाच शब्द ‘दातव्यम्’, म्हणजे द्यायला हवं म्हणून दिलेलं. दान आणि कर्तव्य यांचं वैर आहे ही समजूत तिथेच मोडते. पण त्याच श्लोकात ‘पात्रे’ही आहे. पात्र कोण हे न बघता दिलेल्या दानाला पुढे दोनच श्लोकांनंतर तामस म्हटलं आहे. म्हणजे द्यावं तर लागेल आणि बघूनही द्यावं लागेल. सभासदांच्या दोन्ही हरकती एकाच श्लोकात समोरासमोर उभ्या आहेत. (‘अनुपकारिणे’ म्हणजे परतफेड न करणाऱ्याला. मतदानाच्या आदल्या रात्री जी पाकिटं वाटली जातात त्यांच्यावर हा शब्द छापायला हरकत नाही.)

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो ‘मतदार’ हा शब्द, कारण त्यात दान नाहीच. हिंदीत ‘मतदाता’ म्हणतात. तो सरळ संस्कृत दाता, देणारा. आपला ‘मतदार’ बनला आहे ‘मत’ला फारसी ‘दार’ लागून. जमीनदार, दुकानदार, वतनदार, हवालदार यांतला हा ‘दार’ म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. जमीनदार जमीन देत फिरत नाही, ती त्याच्याकडे असते. तसं मराठीच्या हिशेबाने मतदार म्हणजे ज्याच्याकडे मत आहे तो. त्याने ते दिलं काय, न दिलं काय, तो मतदारच. मतदारयादी, मतदारसंघ हे शब्द याच अर्थावर उभे आहेत. मतदानाच्या दिवशी दिवसभर झोपून राहिलेल्याचंही नाव यादीत असतंच.

मग त्याच्याकडे असतं ते ‘मत’ म्हणजे काय? ‘मन्’ धातू, विचार करणं, मानणं. त्याचं भूतकाळवाचक रूप मत: विचारात घेतलेलं, मानलेलं. मती, मनन, संमती, अनुमती ही सगळी त्याच घरची. व्यवहारात आपण दोन अर्थ एकाच शब्दावर चालवतो. ‘या ठरावावर तुमचं मत द्या’ म्हटलं की विचार सांगायचा की हात वर करायचा, हे संदर्भावरून कळतं. म्हणून ‘मला याबद्दल काही मत नाही, पण मत देऊन आलो’ हे वाक्य कानाला विचित्र लागतं. सभासदांच्या दुसऱ्या हरकतीत जे तथ्य आहे ते इथे. गंमत म्हणजे प्रचाराच्या रिक्षांनाही हे ठाऊक होतं. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ हे आधी, ‘मारा शिक्का’ मागाहून. यमकासाठी का होईना, क्रम बरोबर लागला आहे.

शिक्क्यावरून क्रियापदांचं सांगायचं राहून जाईल. ‘मत टाकणं’ हा प्रयोग आज ढिसाळ वाटतो, पण १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो अक्षरशः खरा होता. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतदाराला कोरी मतपत्रिका मिळे आणि आडोशामागे जाऊन ती हव्या त्या पेटीत टाकायची. खूण नाही, शिक्का नाही. १९५७लाही पद्धत साधारण तीच होती. १९६२च्या निवडणुकीपासून सगळ्यांची नावं-चिन्हं असलेली एकच मतपत्रिका रूढ झाली आणि ‘शिक्का मारणं’ आलं. २००४च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि ‘बटण दाबणं’ सुरू झालं. घोषणेतला शिक्का मात्र अजून जात नाही.

आता ‘हक्क’ की ‘कर्तव्य’. मराठीत आपण म्हणतो, ‘अमुक अभिनेत्याने मतदानाचा हक्क बजावला.’ बजावणं हे क्रियापद जरा बघा. कर्तव्य बजावतात, सेवा बजावतात, नोटीस बजावतात, कामगिरी बजावतात. हक्क सांगायचा असतो, मागायचा असतो, गाजवायचा असतो. मालमत्तेवरचा हक्क कुणी ‘बजावत’ नाही. मतदानाच्या बाबतीत मात्र हक्काला कर्तव्याचं क्रियापद जोडलं गेलं आणि ते इतकं मुरलं की कुणाला खटकत नाही. मला ते चुकीचं वाटत नाही. दोन्ही बाजू असलेल्या गोष्टीसाठी भाषेने बोलता बोलता काढलेली ही तोड आहे.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. वयाची अट एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २१वरून १८ केली. मूलभूत कर्तव्यं ५१ क या अनुच्छेदात आहेत आणि त्यांत मतदान नाही. राष्ट्रध्वजाचा आदर आहे, वैज्ञानिक दृष्टी आहे, नद्या-तळ्यांचं जतन आहे, मतदान नाही. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचं विधेयक २००९मध्ये मंजूर केलं, त्याला राज्यपालांची संमती २०१४मध्ये मिळाली आणि २०१५मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. त्यामुळे बाईंच्या वाक्यातलं ‘कर्तव्य’ नैतिक अर्थाने घ्यायचं, कायद्याच्या नव्हे. ‘पवित्र’ हे विशेषण मी काढून टाकेन. ते आलं की वाक्य फलकावरचं होतं आणि वाचणारा पुढे सरकतो.

‘अडाणी’बद्दल मात्र माझा सभासदांशी वाद आहे. निरक्षर, अशिक्षित, अडाणी, अजाण, अनभिज्ञ हे शब्द आपण एकाच गठ्ठ्यात बांधतो. निरक्षर म्हणजे लिहिता-वाचता न येणारा, बस. अनभिज्ञ म्हणजे त्या विषयाची माहिती नसलेला. दोन पदव्या घेतलेला माणूसही आपल्या प्रभागात कोण उभं आहे याबाबत अनभिज्ञ असू शकतो, आणि सहसा असतोच. अडाणी ही तर शिवीच. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य असलेल्या डॉ. आंबेडकरांनी मे १९२९मध्ये स्वतंत्र निवेदन दिलं. साक्षरतेची अट घालू पाहणाऱ्यांना त्यांनी त्यात सरळ उत्तर दिलं आहे: निरक्षर माणूस बुद्धीने कमी असतो ही पहिली चूक, आणि साक्षर झाला की त्याला जास्त समजतं ही दुसरी. प्रश्न विचारायचाच तर ‘अनभिज्ञ मतदार’ या शब्दांत विचारावा.

त्यातही अनभिज्ञ कुणी केलं हे बघावं लागतं. २०१४ला रायगडात सुनील तटकरे २ हजार ११० मतांनी हरले. त्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. उमेदवाराचा फोटो मतदान यंत्रावर २०१५पासून आला, तो असल्या नामसाधर्म्यामुळेच. दुसरं उदाहरण शब्दचर्चेत घेतलंच पाहिजे. २०२४च्या लोकसभेला एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. अपक्षांना मिळणारं ट्रम्पेट हे वेगळं चिन्ह होतं आणि यादीत त्याचं मराठी नाव दिलं होतं... ‘तुतारी’. चित्रात साधी पिपाणी. साताऱ्यात हे चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७ हजार मतं मिळाली. तिथे त्या पक्षाचा उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी हरला. दिंडोरीत त्याच चिन्हावर एका अपक्षाने लाखाचा आकडा ओलांडला. आता या सगळ्यांना घरी बसायला सांगायचं का? यातल्या कितीतरी लोकांचं मत पक्कं झालेलं असणार. घोटाळा झाला तो चिन्हाच्या भाषांतरात. वाद्यांची नावं ज्याला कळतात असा एक माणूस त्या कचेरीत हवा होता.

उलट टोक ऑस्ट्रेलियात दिसतं. तिथे १९२४मध्ये मतदान सक्तीचं झालं. १९२२ला साठ टक्क्यांच्या आत असलेला टक्का १९२५ला एक्क्याण्णवच्या वर गेला. उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो, तेव्हा ज्याला काही देणंघेणं नाही तो वरून खाली एक, दोन, तीन असे आकडे घालून मोकळा होतो. याला तिथे ‘गाढवमत’ म्हणतात. १९३७च्या सिनेट निवडणुकीत न्यू साउथ वेल्समध्ये लेबर पक्षाचे चौघे होते आमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि अ‍ॅशली. नावं अकारविल्हे लागायची, आणि चौघेही निवडून आले. पुढे क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायला लागले. सक्ती केली की हात हलतो, मत तयार होतंच असं नाही.

म्हणून काय ते सांगतो. अनभिज्ञाने मत देऊ नये, हे तो स्वतःपुरतं ठरवत असेल तर मला मान्य आहे. दुसऱ्याने त्याला ते सांगणं मान्य नाही. कारण ‘मला पुरेसं कळत नाही’ असं म्हणणारा सहसा थोडाफार विचार केलेला असतो; ज्याला काहीच ठाऊक नसतं त्याला ही शंका शिवतही नाही. घरी बसण्याचं कर्तव्य लादलं, तर पहिला घरी बसेल तो प्रामाणिक माणूस. शिवाय नगरसेवकाच्या निवडणुकीत, गटार तुंबलं की कुणाच्या घरी पाणी शिरतं, एवढं ज्ञान बरंच झालं. ते ज्ञान त्या घरातल्या बाईला जेवढं असतं तेवढं आपल्या सभासदांना नसेल.

आता न देणाऱ्याला काय म्हणायचं. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘गैरहजर’ म्हणजे केंद्रावर न आलेला, कारण काहीही असो. ‘बहिष्कार’ म्हणजे ठरवून, सांगून, बहुधा गावाने मिळून न देणं. रस्ता नाही, पाणी नाही म्हणून गावं बहिष्कार टाकतात तेव्हा त्यांना सगळं नीट माहीत असतं. ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. दोन्ही बाजू दिसतात, पण तो कुठल्याच बाजूने उतरत नाही. सभागृहात हजर राहून कौल न देणाऱ्या सदस्याला हा शब्द चपखल बसतो. मत देण्याच्या हक्कात तटस्थ राहण्याचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्येच म्हटलं आहे. ‘नोटा’ म्हणजे नकार. यादीतला एकही नको, हेसुद्धा एक मत आहे आणि त्यासाठी यादी माहीत असावी लागते. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांवर मतं पडून तो दुसरा आला. त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. नोटा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर आला. त्याआधी निवडणूक नियमांतल्या ४९-ओ या नियमाखाली मतदाराला नोंदवहीत सही करून ‘मत देत नाही’ असं केंद्राध्यक्षाला सांगता यायचं, पण तशी नोंद सगळ्यांसमोर व्हायची आणि गुप्तता राहायची नाही.

बाईंच्या सभासदांना हवा असलेला माणूस यांतल्या कशातच बसत नाही. त्याच्यासाठी मराठीत तयार प्रयोग आहे: ‘मत राखून ठेवणं’. न्यायालय निकाल राखून ठेवतं, तेव्हा निकाल नाकारलेला नसतो, विचार चालू असतो. ‘पुरेशी माहिती नसल्याने या वेळी मी मत राखून ठेवलं’ हे वाक्य स्वच्छ आहे, त्यात मिरवणं नाही आणि लाजणंही नाही. मत राखलं तरी मतदारपण शाबूत, कारण ‘दार’ आहे. वार्तापत्रात लिहायचं तर मी एवढंच लिहीन: ‘उमेदवारांची माहिती करून घ्या आणि मत द्या.’

राहता राहिलं ‘मतदान दिलं’. दान आणि देणं दोन्ही ‘दा’चीच, त्यामुळे शुद्धिप्रेमींना ही द्विरुक्ती वाटते. पण ‘दान दिलं’ आपण सर्रास म्हणतो, तेव्हा द्विरुक्ती हे कारण पुरेसं नाही. खरी अडचण अशी की मतदान हे क्रियेचं नाव आहे, वस्तूचं नाही. वस्तू आहे मत. म्हणून मत द्यावं, मतदान करावं किंवा मतदान व्हावं. बोलताना ‘वोटिंग केलं’ म्हणणाऱ्यांना मी टोकत नाही. ‘वोटिंग दिलं’ ऐकलं की मात्र टोकतो.