टॉमी-टपेन्सचं शेवटचं पुस्तक

प्रश्न : अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतली टॉमी-टपेन्स ही गुप्तहेर नवरा-बायकोची जोडी मी कॉलेजपासून वाचते. पहिलं पुस्तक फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून आणलेलं. मग अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळून चार जमवली. पाचवं, शेवटचं, 'पोस्टर्न ऑफ फेट' आत्ता हाती लागलं आणि पार हिरमोड झाला. तीच तीच बोलणी, रहस्याचा पत्ता नाही. माझंच वाचन कमी पडलं का? अकरावीतल्या भाचीला संच द्यायचाय, त्यात हे घालू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुमचं वाचन कुठेही कमी पडलेलं नाही. पुस्तकच कच्चं आहे. सुरुवात फर्मास आहे, म्हणून तर जास्त लागतं. नव्या घरात राहायला आलेल्या टपेन्सला जुन्या मालकांच्या पुस्तकांत स्टीव्हन्सनची एक कादंबरी सापडते. तिच्यात कुणा मुलानं काही अक्षरांखाली रेघा मारून ठेवल्यात. ती अक्षरं जुळवली की कळतं, मेरी जॉर्डन नावाची कुणी बाई आपल्या मरणानं मेलेली नाही. इतका सुरेख धागा! आणि पुढं? माणसं येतात, आठवणी सांगतात, मागच्या पानावरचंच पुन्हा बोलतात. म्हातारा माळी आयझॅक मारला जातो, तरी गोष्ट जागची हलत नाही. त्याच्यासाठी मला खरंच राग आला. कुणीतरी कात्री चालवायला हवी होती.

हे पुस्तक १९७३चं. ऐंशी ओलांडलेल्या ख्रिस्तीबाईंनी लिहिलेली ही अखेरची कादंबरी. मग १९७५ला आलेलं, त्यांच्याच पॉयरो या गुप्तहेराचं शेवटचं पुस्तक 'कर्टन' एवढं बांधेसूद कसं? कारण ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलुपात ठेवलेलं होतं. पॉयरो पहिल्या पुस्तकातच निवृत्त पोलीस, त्याचं वय पुढं कधी धड सरकलंच नाही. त्याचा शेवट आधी लिहून ठेवता आला. टॉमी-टपेन्सचं तसं नाही. १९२२च्या पहिल्या पुस्तकात ती खिशात दमडी नसलेली तरुण पोरं, १९४१च्या पुस्तकात मुलं मोठी झालेली आणि लढाईत आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून खट्टू झालेली, १९६८च्या पुस्तकात म्हातारपणाला टेकलेली. ती लेखिकेबरोबर वाढली. त्यांचं उतारवय बाईंनी स्वतःच्या उतारवयातच लिहायचं होतं, आणि शेवटी हात थकला. १९६८च्या पुस्तकाची अर्पणपत्रिका तर वाचकांनाच आहे, टॉमी-टपेन्स आता काय करतात असं पत्रांतून विचारणाऱ्यांना. आपल्यासारख्यांनीच त्यांना परत बोलावलं होतं हो.

भाचीला चारच द्या. १९२२चं आधी. १९२९चा कथासंग्रह मात्र मागाहून, कारण त्यात त्या काळच्या इतर गुप्तहेरांच्या नकला आहेत, त्या तिला एकदम उमगायच्या नाहीत. संच १९६८च्या पुस्तकावर थांबू दे. त्यात वृद्धाश्रमातली एक आजी दुधाचा पेला हातात घेऊन, शेकोटीमागचं ते मूल तुमचंच का, असं टपेन्सला अगदी सहज विचारते. अंगावर काटा येतो! ख्रिस्तीबाईंची ताकद काय होती ते त्या एका प्रसंगात पोरीला कळेल. पाचवं कपाटात असू द्या. पुढं काय झालं म्हणून तिनं आपणहून विचारलं तर काढून द्या, आणि आधीच सांगा की पहिली काही प्रकरणं आणि हॅनिबल कुत्रा, एवढ्यासाठी हे वाचायचं.