वाचकांचे प्रश्न : जत्रेतलं नाटक सगळ्यांना पाहता यावं म्हणून

प्रश्न (फोंडा तालुका) : आमच्या देवळात जत्रेच्या रात्री मराठी नाटक होतं. मंडपाला तीन पायऱ्या आहेत. गेल्या वर्षी समितीने लाकडी रॅम्प केला, पण व्हीलचेअर चढवताना ढकलणारा दमला आणि उतरवताना ती हातातून सुटायलाच आली. चूक कुठे झाली?

उत्तर : बहुधा लांबीत. पायऱ्यांची एकूण उंची मोजा आणि १२ने गुणा. १५ सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी. त्यांना जमिनीवर मोजून किमान ५ मीटर ४० सेंमी लांबीचा रॅम्प लागतो. दोन-अडीच मीटरची फळी टाकली की ती घसरगुंडी होते. समोर तेवढी जागा नसेल तर रॅम्प काटकोनात वळवा आणि वळणावर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा ठेवा. वर आणि खालीही तेवढीच सपाट जागा हवी, नाहीतर चढून आलेली खुर्ची थांबणार कुठे?

रुंदी १२० सेंमी. दोन्ही बाजूंना ७० आणि ९० सेंमी उंचीवर धरायला दांडा, आणि कडेला चाक अडेल अशी उभी पट्टी. पातळ प्लायवूड वजनाने मधोमध दबतं. १८-१९ मिमी जाडीचं घ्या आणि खाली जवळजवळ रिपा ठोका. वर गालिचा अंथरू नका, पुढची लहान चाकं त्यात रुततात. फळीचा सांधा वर आला असेल तर तिथेही तीच चाकं अडतात आणि माणूस पुढे फेकला जातो.

‘बाहेरची चाकं मंडपात कशी?’ असा आक्षेप कुणी घेतला तर दाराशी पाण्याची बादली आणि फडकं ठेवा, चाकं पुसून आत घ्या. माणसाला खुर्चीसकट उचलून आत नेणं हा तोडगा नव्हे. त्यात त्याचा मान जातो, आणि एकाचा हात सुटला तर हाड मोडतं.

आत प्रत्येक व्हीलचेअरसाठी ९० × १२० सेंमी जागा मोकळी सोडा आणि शेजारी सोबत्याची खुर्ची मांडा. शौचालयाची वाट आदल्या दिवशीच पाहून ठेवा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी हवी. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. शौचालय गाठता येणार नाही हे ठाऊक असलेला प्रेक्षक संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, किंवा येतच नाही. रॅम्पइतकीच ही गोष्ट महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते.

प्रश्न (मडगाव) : आमच्या संगीत नाटकाला सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवणार आहोत. तेवढं पुरे का?

उत्तर : भारतीय सांकेतिक भाषा ज्यांना येते त्यांच्यासाठी हो. पण उतारवयात ऐकू येईनासं झालेल्यांना ती सहसा येत नाही. त्यांना देवनागरी मथळेच लागतात, म्हणजे संवाद आणि पदं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी. शक्य असेल तर दोन्ही ठेवा.

दुभाषी दोघे घ्या, साधारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. संहिता त्यांना दोन-तीन आठवडे आधी द्या, कारण या भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे आणि पात्रांच्या नावांच्या खुणा आधी ठरवाव्या लागतात. दुभाष्याला रंगमंचाच्या ज्या बाजूला उभं कराल, बहिरे प्रेक्षक त्याच बाजूला बसवा. कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळे. आणि प्रकाशयोजनाकाराला बजावून ठेवा : अंधारातल्या प्रवेशातही दुभाष्यावरचा दिवा विझता कामा नये.

मथळे एका वेळी दोन ओळींचे, पात्राच्या नावासह. ते हातानेच पुढे सरकवा. गायक एखादी ओळ तीनदा घोळवतो, तिथे ठरलेल्या वेळेवर चालणारे मथळे पुढे निघून जातात. पदाचे शब्द पूर्ण द्या. नुसतं ‘गाणं सुरू’ लिहून भागवणं म्हणजे त्या प्रेक्षकाला नाटकाच्या गाभ्यापासूनच दूर ठेवणं.

प्रश्न (पणजी) : मला दिसत नाही. नाट्यवाचनासाठी पाठवलेली संहिता माझा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं ॲप) निरर्थक वाचतो. मोबाईल बिघडला आहे का?

उत्तर : नाही. संहिता बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांना सारखाच कळणारा अक्षरांचा संकेत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. पाठवणाऱ्याला एक परिच्छेद कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवायला सांगा. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली तर हेच कारण. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर डोळस माणसाने एकदा वाचायलाच हवा. रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास तुटतात. मजकूर निवडताच येत नसेल तर ती पानांची छायाचित्रं आहेत, त्यांना ओसीआर, म्हणजे छायाचित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, लागेल. लेखकाच्या हक्काची धास्ती नको : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग वाचकासाठी नफ्याविना केलेल्या सुगम (त्याला वाचता येईल अशा) प्रतीला परवानगी लागत नाही.

प्रश्न (डिचोली) : सरकारी नाट्यगृहात सोय नसेल तर दाद कुठे मागायची?

उत्तर : राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे, लेखी. २०२३च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरवला तो याच कार्यालयाने. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनाविषयी आहे आणि कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींविषयी. त्या इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२मध्येच संपली. सुगमतेचे किमान निकष केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावलं आहे.

‘सोय नाही’ एवढंच लिहू नका. पायरीची उंची, दाराची रुंदी, रॅम्पची लांबी टेपने मोजून आकडे द्या; टेप दिसेल असे फोटो आणि तारीख जोडा. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय कार्यवाही केली ते त्यांना कळवावं लागतं, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा.